सूर्याची शिंक आणि आपली जर्नलं

टर्म संपत आली की आमच्या होस्टेलवर रात्री अकरानंतर एकच हाक ऐकू येते. "ए, कुणाकडे रीडिंग्ज आहेत का गं?" मग एक जर्नल तळमजल्यावरून निघतं आणि पहाटेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर पोचतं. वाटेत त्याच्यावर चहा सांडतो, पानं सुटतात, पण रीडिंग्ज मात्र जशीच्या तशी पोचतात. ड्रॉइंगच्या शीटची जशी जीटी मारायची, तशी प्रॅक्टिकलची रीडिंग्ज टोपायची, हे आपण फर्स्ट इयरलाच शिकतो. कुणी शिकवावं लागत नाही. बॉईज होस्टेलला काही वेगळं चालत असेल असं मला वाटत नाही.

मीही टोपली आहेत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना "आली मोठी शहाणी" असं कुणी म्हणायला नको. शिवाय मी पडले कॉन्व्हेंटची. मराठीत निबंध लिहायची वेळ शाळेत फारशी आली नाही, तेव्हा शुद्धलेखनाची जबाबदारी संपादक मंडळाची.

तर गोष्ट अशी. मशीन्सच्या लॅबमध्ये ट्रान्सफॉर्मरची ओपन सर्किट टेस्ट होती. एक केव्हीएचा छोटा ट्रान्सफॉर्मर, एक व्होल्टमीटर, एक ॲमीटर, एक वॉटमीटर. कनेक्शन दोनदा तपासलं, सप्लाय दिला, आणि वॉटमीटरवर आलं ३६. सिनिअरच्या जर्नलमध्ये होतं २४. माझी पार्टनर म्हणाली, "काहीतरी लूज असेल. लिही २४, बस पकडायची आहे." मी २४ लिहिलं. एफिशिअन्सी छान आली, ग्राफ छान आला, सही झाली, दहापैकी नऊ मार्क मिळाले.

पुढे काही महिन्यांनी लॅबमधले काका सगळे मीटर्स तपासायला बसले होते. मी सहज तिथे उभी होते. तो वॉटमीटर हातात घेऊन ते म्हणाले, "याचा काटा तर वाकलाय. जास्त दाखवतोय हा." मी विचारलं, "कधीपासून असेल काका?" ते म्हणाले, "देव जाणे. जर्नलांत तर सगळ्यांचं बरोबरच येतंय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एक मीटर चुकीचं दाखवत होता, प्रत्येक बॅचने तो डोळ्यांनी पाहिला होता, आणि कागदावर एकानेही लिहिलं नाही! काका काही टोमणा मारत नव्हते. ते सरळ सांगत होते.

आता तुम्ही म्हणाल, यात सूर्य कुठून आला? येतो, येतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जणी अलिबागला गेलो होतो. भरती-ओहोटीचं गणित चुकल्यामुळे किल्ल्यात जायला तीन तास थांबायचं होतं, म्हणून किनाऱ्याच्या बाजूला नुसत्या भटकत होतो. तिथे भूचुंबकीय वेधशाळेची पाटी दिसली. आत काही गेलो नाही, पण अलिबागसारख्या ठिकाणी, नारळीपोफळीच्या मध्ये, अशी वेधशाळा कशासाठी हा किडा डोक्यात शिरला. होस्टेलला परत आल्यावर शोधत बसले आणि जे हाती लागलं त्याने मी थक्क झाले.

मूळ वेधशाळा मुंबईत, कुलाब्याला. ईस्ट इंडिया कंपनीने ती १८२६ साली स्थापन केली आणि १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घ्यायला सुरुवात झाली. काम काय, तर एका ठरावीक वेळी जायचं, टांगलेल्या चुंबकाची दिशा डोळ्यांनी वाचायची आणि वहीत लिहायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. पाऊस असो, सण असो, तेच. आपल्याला दोन तासांचं एक प्रॅक्टिकल जड जातं. इथे ते पिढ्यानपिढ्या चाललं होतं, आणि पुढे काही निघेल याची खात्री कुणालाच नव्हती.

आता १८५९ सालात या. १ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे खगोलशास्त्रज्ञ आपल्या दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून सूर्यडागांचं चित्र काढत होते. हेही रोजचंच काम. सकाळी अकरा वाजून अठरा मिनिटांनी त्या डागांच्या गटावर अचानक दोन अतिशय तेजस्वी ठिपके उमटले. कॅरिंग्टन साक्षीदार आणायला धावले, आणि मिनिटाच्या आत परत येऊन बघतात तो ठिपके फिके पडायला लागलेले. पाच मिनिटांत खेळ खलास. नशिबाने रिचर्ड हॉजसन नावाच्या दुसऱ्या निरीक्षकानेही ते वेगळ्या ठिकाणाहून पाहिलं होतं, नाहीतर लोक म्हणाले असते की साहेबांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ उसळलं. क्यूबा आणि हवाईसारख्या उष्ण भागातून ध्रुवीय प्रकाश दिसला. टेलिग्राफच्या तारांमध्ये आपोआप करंट वाहायला लागला. अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंडच्या ऑपरेटर्सनी तर बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या त्या आकाशातून आलेल्या करंटवर एकमेकांशी संदेश बोलले! आपल्या सर्किट थिअरीच्या पेपरात असा सोर्स कधी येणार नाही.

आणि त्याच वेळी, २ सप्टेंबरला, कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकाने मान टाकली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक थोड्या वेळात सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला. नेहमीचा चढउतार काही दहा नॅनोटेस्लांचा असतो आणि शंभर-दोनशेने खाली आला तरी त्याला वादळ म्हणतात, हे लक्षात घेतलं तर आकड्याची किंमत कळेल. त्या सकाळी ड्यूटीवर जो माणूस होता त्याला कॅरिंग्टनने आदल्या दिवशी काय पाहिलं याचा पत्ता असणं शक्यच नव्हतं. सूर्यावर स्फोट होतात हे जगात कुणालाच नीट माहीत नव्हतं. त्याच्यासमोर होतं फक्त एक वेडंवाकडं रीडिंग. काल होतं त्याच्याशी न जुळणारं, परवाच्याशी न जुळणारं.

मी तिथे असते तर? "काहीतरी लूज असेल, लिही कालचं, ट्रेन पकडायची आहे."

त्याने तसं केलं नाही. जे दिसलं ते लिहिलं. इतकंच नाही, तर वादळ चालू असताना नेहमीपेक्षा कमी कमी अंतराने रीडिंग्ज घेतली. त्या वह्या कपाटात पडून राहिल्या. २००३ साली, म्हणजे १४४ वर्षांनी, त्सुरुतानी आणि गोन्झालेझ हे परदेशी शास्त्रज्ञ आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे लखिना आणि अलेक्स यांनी त्या नोंदींचा अभ्यास करून शोधनिबंध लिहिला. आज जगात कुठेही १८५९ च्या त्या वादळाची तीव्रता किती होती अशी चर्चा निघाली की कुलाब्याचा आकडा समोर ठेवावाच लागतो. इतर बऱ्याच वेधशाळांची उपकरणं त्या दिवशी मोजपट्टीच्या बाहेर गेली होती. मुंबईचं रीडिंग टिकलं.

आता थोडं टेक्निकल. सूर्यावर स्फोट झाला की नेमकं होतं काय? मध्ये पंधरा कोटी किलोमीटर रिकामी जागा असताना इथला चुंबक का हलतो?

पहिली गोष्ट म्हणजे ती जागा रिकामी नाहीच. सूर्याच्या बाहेरच्या वातावरणाला, म्हणजे कोरोनाला, दहा लाख अंशांच्या वर तापमान आहे. इतका तापलेला वायू सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही, तो सतत बाहेर वाहत राहतो. यालाच सौर वारा म्हणतात. वेग साधारण ४०० किलोमीटर. तासाला नव्हे, सेकंदाला! आणि हा वारा सूर्याचं चुंबकीय क्षेत्र आपल्यासोबत ओढून आणतो. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्यामुळे त्या चुंबकीय रेषा बागेतल्या फिरत्या फवाऱ्याच्या पाण्यासारख्या गोल वळत जातात.

युजीन पार्कर यांनी हे गणिताने १९५८ साली मांडलं तेव्हा त्यांचा पेपर तपासणाऱ्या दोघांनी तो नापास केला होता. त्या जर्नलचे संपादक होते आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांना स्वतःलाही ती कल्पना पटलेली नव्हती. पण तपासणाऱ्यांना गणितात चूक दाखवता आली नाही, म्हणून चंद्रशेखरांनी पेपर छापला. चार वर्षांनी मरिनर-२ हे यान शुक्राकडे जाताना त्याला तो वारा वाटेत सतत लागला. (जर्नल म्हणजे हेसुद्धा असतं, मंडळी!)

आता या वाहत्या वाऱ्यात सूर्य शिंकतो. सूर्यडागांच्या वर चुंबकीय रेषांचे पीळ पडत जातात, रबरबँड पिळत जावा तसे. एका मर्यादेनंतर त्या रेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. त्यातला प्रकाश आणि क्ष-किरण, म्हणजे सौरज्वाला, आपल्याकडे सव्वाआठ मिनिटांत पोचतात. पण खरा दणका मागून येतो. कोरोनाचा एक प्रचंड तुकडा, सुमारे एक अब्ज टन वजनाचा, स्वतःच्या चुंबकीय क्षेत्रासकट अवकाशात फेकला जातो. याला कोरोनल मास इजेक्शन म्हणतात, आपण सीएमई म्हणू. त्याचा वेग सेकंदाला अडीचशेपासून तीन हजार किलोमीटरपर्यंत काहीही असू शकतो. म्हणून कुणी दोन-तीन दिवसांत येतं आणि १८५९ सारखं एखादं साडेसतरा तासांत.

वाटेत काय होतं ते समजायला विसर्जनाची मिरवणूक आठवा. पुढची गर्दी आपल्या लयीत हळूहळू चालली आहे. मागून अचानक जोराचा रेटा येतो. पुढच्यांना सरकायला वेळच मिळत नाही, माणसं एकमेकांवर दाबली जातात आणि त्या दाबाची एक भिंत पुढे पुढे सरकत जाते. सगळ्यात पुढे ढोल वाजवणाऱ्याला मागे काय झालं याची कल्पनाही नसते, भिंत पाठीवर आदळते तेव्हाच कळतं. अवकाशात हीच गोष्ट होते. वेगवान सीएमई समोरच्या हळू सौर वाऱ्यावर आदळते, आणि माध्यमात दाबाची बातमी ज्या वेगाने जाऊ शकते त्याहून ती जोरात येत असल्याने पुढे शॉक तयार होतो. शॉकच्या मागे दाबलेला, खवळलेला वारा. त्याच्या मागे सीएमईचा मुख्य भाग, दोरखंडासारख्या पिळाच्या चुंबकीय रेषांचा.

एकामागून एक दोन-तीन सीएमई सुटल्या तर आणखी गंमत. मागची पुढचीला गाठते आणि दोघी मिळून जास्त जोर धरतात. मे २०२४ मध्ये तेच झालं. सूर्यडागांच्या एका मोठ्या गटातून लागोपाठ सीएमई निघाल्या आणि १० मेच्या रात्री पृथ्वीवर वीस वर्षांतलं सगळ्यात जोरदार चुंबकीय वादळ झालं. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेतून लाल आकाश दिसलं, तुम्ही फोटो पाहिले असतील. किंवा पहिली सीएमई रस्ता साफ करून जाते आणि मागचीला अडवायला कुणी उरत नाही. २३ जुलै २०१२ ला असंच झालं होतं. ती सीएमई वीस तासांच्या आत पृथ्वीच्या कक्षेइतक्या अंतरावर पोचली. सुदैवाने पृथ्वी त्या दिशेला नव्हती. तिथे स्टिरिओ-ए नावाचं यान होतं, त्याने सगळं मोजून ठेवलं.

आणि शेवटी सगळं एका दिशेवर येऊन ठरतं. आलेल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असेल तर पृथ्वीचं चुंबकीय कवच बऱ्यापैकी तग धरतं. दक्षिणेकडे असेल तर दोन्हीकडच्या रेषा एकमेकींना जोडल्या जातात आणि दार आतून उघडल्यासारखं होतं. ही दिशा लांबून बघून नीट सांगता येत नाही. ती कळते पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर सूर्याच्या बाजूला, एल-वन बिंदूपाशी बसलेल्या यानांना. आपलं आदित्य-एल१ तिथेच आहे. २ सप्टेंबर २०२३ ला ते सुटलं आणि ६ जानेवारी २०२४ ला तिथे पोचलं. त्यावरचा सूट हा अतिनील कॅमेरा पुण्याच्या आयुकाने पुढाकार घेऊन तयार केला. पण तिथून वादळ निघालं की पृथ्वीवर यायला तासाभराच्या आतबाहेरचाच वेळ लागतो. म्हणजे जेमतेम एका लेक्चरची पूर्वसूचना.

"मग येऊ दे वादळ, आपल्याला काय?" असं मेकॅनिकलवाले म्हणतील. त्यांच्यासाठी तीन उदाहरणं.

१३ मार्च १९८९ ला पहाटे कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची पूर्ण वीज दीड मिनिटात गेली. साठ लाख लोक, नऊ तास अंधारात, आणि तिकडचा मार्च म्हणजे कडाक्याची थंडी. कारण वाचलं आणि मला आपला लॅबमधला ट्रान्सफॉर्मर आठवला. चुंबकीय क्षेत्र हललं की जमिनीत विद्युतदाब निर्माण होतो. तिथला खडक वीज सहज वाहू देत नाही, मग करंट जवळचा सोपा मार्ग शोधतो, तो म्हणजे लांबच लांब ट्रान्समिशन लाईन आणि ट्रान्सफॉर्मरचं जमिनीला जोडलेलं न्यूट्रल. हा करंट जवळजवळ डीसी. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरला डीसी चालत नाही हे आपण व्हायवात पोपटासारखं सांगतो. कोअर अर्ध्या सायकलमध्ये सॅच्युरेट होतो, हार्मोनिक्स येतात, आणि तिथे त्या हार्मोनिक्समुळे व्होल्टेज सांभाळणारी उपकरणं एकामागून एक ट्रिप झाली. बाकी पत्त्यांचा बंगला.

दुसरं, फेब्रुवारी २०२२. स्टारलिंकचे ४९ उपग्रह सोडले गेले आणि लगेच एक वादळ आलं, तेही फार मोठं नव्हे. वरच्या विरळ हवेला उष्णता मिळाली, ती फुगली, उपग्रहांवर हवेचा अडथळा वाढला, आणि त्यातले चाळीसच्या आसपास उपग्रह वर चढूच शकले नाहीत, खाली येऊन जळून गेले. तिसरं, मे २०२४. अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर सरळ रेषेत चालेनात, शेतकऱ्यांना काम थांबवावं लागलं. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत, त्यामुळे ग्रिडला धोका कॅनडापेक्षा कमी. पण उपग्रह, जीपीएस, विमानांचे रेडिओ हे काही अक्षांश बघून बिघडत नाहीत.

आता मूळ मुद्द्यावर येते, कारण हा लेख मला सूर्यावर लिहायचा नव्हता.

हे सगळं ज्ञान आलं कुठून? यातलं बरंचसं आलं "न जुळणाऱ्या" रीडिंगमधून. आणखी एक किस्सा सांगते. दूरच्या रेडिओ स्रोतांचे सिग्नल सौर वाऱ्यातून येताना लुकलुकतात, तारे हवेमुळे लुकलुकतात तसेच. हे लुकलुकणं वाढलं की समजायचं मधून काहीतरी चाललं आहे. उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची रेडिओ दुर्बीण आहे, गोविंद स्वरूप यांनी उभारलेली, तिने याच पद्धतीने सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या वादळांचा पाठलाग केला आहे. केंब्रिजमध्ये १९६७ साली हेच लुकलुकणं पाहायला एक मोठा अँटेना बांधला होता. त्याचे कागद तपासायचं काम होतं जोसेलिन बेल या विद्यार्थिनीकडे. रोज सुमारे तीस मीटर कागद! त्यावर तिला एका जागी थोडी खरखर दिसली, लुकलुकण्यासारखी नाही आणि गाडीच्या इग्निशनसारखीही नाही. "काहीतरी लूज असेल" म्हणून ती सोडून देऊ शकली असती. तिने सोडलं नाही, आणि पल्सार सापडले. विद्यार्थिनी होती, आपल्याहून चार वर्षांनी मोठी.

आणि अलिबागची गोष्ट तर राहिलीच. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार हे ठरलं तेव्हा कुलाब्याची रीडिंग्ज बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी जागा निवडली, आणि इमारतीत लोखंड येऊ दिलं नाही. पण मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. त्यांनी एका दिवसात कुलाब्याला कुलूप लावलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी रीडिंग्ज घेतली, म्हणजे जुनी आणि नवी साखळी एकमेकींना जोडता यावी. नंतर १९१० मध्ये साठ वर्षांच्या नोंदी दोन खंडांत छापल्या. विजेची ट्राम १९०७ ला धावली, पण साखळी तुटली नाही.

इथे मराठीचा एक शब्द मला फार आवडला. इंग्लिशमध्ये आपण "रीडिंग" म्हणतो, नुसतं वाचायचं. मराठीत "नोंद घेणे" म्हणजे लिहून ठेवणेसुद्धा आणि लक्ष देणेसुद्धा. आम्ही कॉन्व्हेंटवाले उगाच मराठीला नावं ठेवतो. आपण लॅबमध्ये रीडिंग घेतो, पण नोंद घेत नाही.

सरांची आणि मॅडमची बाजू मला समजते. वीस जणांची बॅच, एक सेट, दोन तास, त्यात अर्धा तास हजेरी. प्रत्येकाचं वेगळं रीडिंग तपासत बसलं तर टर्मवर्क कधी संपणार? आणि खरंच, दहापैकी नऊ वेळा विचित्र रीडिंग म्हणजे लूज कनेक्शनच असतं, पल्सार नसतो. हे मला मान्य आहे. पण लूज कनेक्शन असलं तरी ते लिहायला नको का? माझं ३६ हे सूर्याच्या स्फोटामुळे नव्हतं, एका वाकलेल्या काट्यामुळे होतं. पण मी ते लिहिलं असतं तर तो मीटर तेव्हाच सापडला असता. मी २४ लिहिलं आणि मागच्या बॅचची चूक पुढच्या बॅचला पोचवली.

शिवाय आपण हे का करतो? आळस हे एक कारण. पण भीती हे त्याहून मोठं. ३६ लिहिलं तर सर म्हणतील "एक्सपेरिमेंट चुकला, रिपीट करा." २४ लिहिलं तर नऊ मार्क. जे बक्षीस मिळतं तेच माणूस करतो. चंद्रशेखरांना न पटलेलाही पेपर त्यांनी छापला, कारण चूक दाखवता आली नव्हती. आपल्याकडे उत्तर मागच्या वर्षीसारखं नसेल तर तेवढंच चूक ठरायला पुरतं.

म्हणून दोन साध्या गोष्टी सुचवते. यात एक पैसाही खर्च नाही. एक, प्रत्येक प्रॅक्टिकलच्या शेवटी "काय जुळलं नाही" असा एक रकाना ठेवा आणि दहापैकी दोन मार्क त्याला द्या. काही जुळलं नाही असं लिहून त्याचं संभाव्य कारण दिलं तर पूर्ण दोन. सगळंच जुळलं म्हणणाऱ्याला व्हायवात नीट धुवा. दोन, प्रत्येक लॅबमध्ये दारापाशी एक वही ठेवा, त्यात ज्या मीटरने ज्याला त्रास दिला त्याने तारीख घालून लिहावं. काकांना पुढच्या वेळी "देव जाणे" म्हणायची वेळ येणार नाही.

आणि मित्रमैत्रिणींनो, हे फक्त मार्कांचं नाही. सूर्याचं चक्र साधारण अकरा वर्षांचं. या वेळचा जोर २०२४ च्या सुमाराला होऊन गेला, म्हणजे पुढचा येईल २०३५ च्या आसपास. तेव्हा आपण तिशीत असू. कुणीतरी सबस्टेशनला नाईट शिफ्टवर असेल. समोर लॉगशीट असेल, दर तासाला भरायची. रात्री तीन वाजता न्यूट्रलचा करंट कधी दाखवत नाही इतका दाखवायला लागेल, ट्रान्सफॉर्मरचा आवाज बदललेला वाटेल. खाली वरच्या तासाची रीडिंग्ज तयार असतील, नुसती उतरवायची. त्या वेळी आपण काय लिहू, ते तिथे ठरणार नाही. ते इथे, या होस्टेलवर, सबमिशनच्या आदल्या रात्री ठरतंय.

माझ्या जर्नलमधलं २४ अजून तसंच आहे, सही-शिक्क्यासकट. खोडून ३६ करावं तर तीही खाडाखोडच. म्हणून इथे छापून टाकते: त्या दिवशी वॉटमीटरवर ३६ आलं होतं.

पुढच्या टर्मला माझं जर्नल मागायला या, जरूर देईन. थिअरी उतरवून घ्या, आकृत्या घ्या, चहा पण पाजेन. रीडिंग्ज मात्र आपापली घ्या.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी